उष्ट्या सांजोऱ्या

"दुसरी घागर कोनासाठे लई उनात?" मी विचारलं तेव्हा माझ्या हातात झारा होता आणि कढईत चार सांजोऱ्या टम्म फुगल्या होत्या.

माझ्या सासूनं, भिकुबाईनं, ऐकलंच नाही असं दाखवलं. ती पडवीत वाळूवर ठेवलेल्या कोऱ्या घागरीला कुंकवाचं बोट लावत होती. शेजारी तशीच आणखी एक घागर होती. ती माझ्या सासऱ्यांची, दर आखाजीला असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खान्देशात गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, आंबे, सांजोरी ठेवतात, निखाऱ्यावर त्याच्या नावानं घास टाकतात. तेव्हा कुठे त्या जिवाला वर्षाचं पाणी पोचतं. पण आमच्या घरातून गेलेलं माणूस एकच होतं. मग दुसरी कोणाची?

"माय, मी काय विचारी ऱ्हायनी?"

"सांजोरी जळी जाई. पह्यले ती काढ."

"जळू द्या! घागर कोनी शे?"

"मन्हा पोऱ्यानी शे," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या लेकीचे, रंजिताचे पप्पा तापीवर गेले. पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं त्यांचं काम. नदीला पूर चढत होता, कुणाची तरी मोटार काठावर राहिली होती, ती ओढून काढायला गेले. मोटार सापडली, बाभळीला पक्की बांधलेली. चपला सापडल्या. माणूस सापडलं नाही. आठवडाभर नावा फिरल्या, गळ टाकले, काही नाही. मग होळीच्या सुमारास गावातल्या एकानं सांगितलं, सुरतला उधन्यात रिक्षात बसताना पाहिलं. पाठमोरे होते, पण तेच. झालं! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, त्या काडीवर मी उभी होते. हसा खुशाल. आमचं अख्खं गाव, कळसाडी, हसत होतंच.

मागल्या आखाजीला बाया आडून आडून विचारायला आल्या, तेव्हा याच सासूनं त्यांना फैलावर घेतलं होतं. "मन्हा पोऱ्या जित्ता शे. तुमी तुमन्या घागरी भरा!" केवढा धीर आला होता मला. आणि आता हीच!

माझा दीर भूपेंद्र अंघोळ करून ओल्या टॉवेलानं दारात आला. "वहिनी, मी मायले लई समजाडं. ती आयकतच नही."

म्हणजे यालाही ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक, आणि पहाटेपासून राबतंय कोण? मी. रवा मी भाजला, गुळाचा पाक मी केला, पाट्यावर पुरण वाटून माझे खांदे भरून आले. नवऱ्याचं मरण ही माणसं माझ्याच हातून तळून घेत होती! रंजिता नर्सिंगच्या परीक्षेसाठी नाशिकला थांबली होती. बरंच झालं म्हणायचं.

घागर भरली की संध्याकाळी बाया येणार, माझ्या कपाळाकडे बघणार, बांगड्यांकडे बघणार. मेल्या बांगड्या जाऊ देत. पण घागर भरली की वाट बघायचा हक्कच संपतो. मग दार वाजलं तरी उठून बघायचं कशाला?

मी कढई उतरवली आणि परातीपुढे बसले. पितरांच्या स्वयंपाकाला आधी कुणी तोंड लावत नाही. मीठसुद्धा अंदाजानं घालतात. तोंड लागलं की ते उष्टं, घागरीला चालत नाही. मी वरची सांजोरी उचलली, चावा घेतला, परत ठेवली. दुसरी घेतली. तिसरी. आतला सांजा गरम होता, जीभ पोळली, टाळूची सालटं निघाली. मी थांबले नाही.

"वहिनी! याड लागनं का?"

"हां, लागनं! आते ठेवा घागरवर. ठेवा ना!"

पुरणात बोटं घालून चाटली. रशीची, म्हणजे कटाच्या आमटीची, पळी तोंडाला लावली. हनुवटीवरून ओघळ साडीवर आले. एवढं करून रडू यावं, तर तेही येईना.

मला वाटलं, सासू आता झिंज्या धरते. धरल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द बोलता आले असते. ती उठली, हात धुतले, शिजवलेली डाळ थोडी पातेल्यात उरली होती ती पाट्यावर घेतली आणि वाटायला बसली. मग कणकेचा गोळा घेतला, पुरण भरलं आणि चुलीवरच्या पालथ्या खापरापुढे उभी राहिली.

मांडा, म्हणजे खापरावरची पुरणपोळी, पोळपाटावर लाटत नाहीत. दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठा करतात आणि अलगद खापरावर टाकतात. सासूचे हात तो पूर आल्यापासून थरथरतात. पहिला मांडा हातावरच फाटला, पुरण खापरावर सांडून करपलं. दुसरा फाटला. तिसऱ्याला तिचं मनगट खापराला टेकलं. तिनं हूं की चूं केलं नाही, चौथा गोळा घेतला.

"माय, ऱ्हाऊ द्या."

"नही."

"ते जित्ता शेतस."

"तुन्हा तोंडमा साखर पडो." आता कुठे ती माझ्याकडे वळली. "जित्ता व्हई तर त्याले कोनी बी पानी दी. सुरतमा काय पानीना तोटा शे? पन मरेल व्हई, तर आपलाबिगर कोन देई, चेतना? दोन उन्हाया गयात. मी तांब्या तोंडले लावस नी मन्हा घशामा उतरत नही."



मग मी तिच्या हातातला गोळा काढून घेतला. मनगटाला तूप लावलं, तिला पाटावर बसवलं. चूळ भरली, हात धुतले. मांडा पहिल्याच फेरीत कोपरापर्यंत पसरला, कुठे चीर नाही. फाट रे मेल्या, फाट, असं मी मनात म्हणत होते. पण हातांना सवय झालेली, ते आपलं काम करत राहिले. सांजोऱ्याही नव्यानं तळल्या.

दुपारी भूपेंद्र निखाऱ्यापुढे बसला. सासऱ्यांचा घास टाकला, तूप सोडलं, नाव घेतलं, "भिलादादा, पानी पी ल्या." मग दुसरा घास उचलला. ज्याचा घास त्याचं नाव मोठ्यानं घ्यावं लागतं, नाहीतर पोचत नाही. भूपेंद्रचे ओठ हलले, आवाज निघाला नाही.

"माय, तू ले नाव."

सासूनं तोंड उघडलं आणि पदर तोंडात कोंबला. सकाळपासून दगडासारखी उभी असलेली बाई मान हलवत राहिली. "मन्हा तोंडमातून नही निंघस. मी जनम दिधा त्याले. नही."

निखाऱ्यावर राख धरू लागली. भूपेंद्र घास हातात धरून पोरासारखा रडत होता.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. दवाखान्यात विचारलं, बँकेत विचारलं, मी रंजिताकडे बघायचे, ती सांगायची. नदीकाठी पोलिसांनी विचारलं तेव्हाही भूपेंद्रनंच सांगितलं. मी "रंजिताचे पप्पा" एवढंच म्हणत उभी होते.

मी पुढे सरकले. दिराच्या हातातला घास घेतला, निखाऱ्यावर फुंकर मारली.

"हेमकांत," मी म्हटलं. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हटलं, शेजारच्या ओट्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "हेमकांत, पानी पी ल्या."