एकट्या सारसाची भिंत

माझ्या घराची रस्त्याकडची भिंत पाहिली का नवा माणूस पहिले हेच विचारते, "बाई, सारस एकटाच काहून काढला?" माझं उत्तर ठरलेलं आहे. एकच उरला होता, म्हणून.

आमच्या आसगावची जुनी रीत होती. नवरी घरात यायच्या आधी नवरा-नवरीले बोडीवर न्यायचं. बोडी म्हणजे धानाच्या शेताजवळचं लहान तळं. तिथं सारसाचा जोडा राहे. जोडीनं त्याच्या पाया पडायचं, का बा तुमच्यासारखा आमचाही जन्माचा जोडा राहू दे. म्हणून गावात कोणी सारसाले गोटा मारला नाही, अंड्याले हात लावला नाही. धान तुडवला तरी लोक म्हणत, "तुडवू दे, पाव्हणा आहे."

आणि लग्नघराच्या दारापाशी, दोहीकडे, एक-एक सारस काढायचा. ते काम माझं. चुन्यात राख कालवून अंग, गेरूनं लाल मान, काजळीनं चोच. माणसाएवढा उंच काढायची मी. लग्नाच्या दिवसात मले घास गिळायची फुरसत नसे, सारा गाव चंद्रभागा, चंद्रभागा करे.

मग माझा मालक जागेश्वर साप चावून गेला. विधवेच्या हातचं लग्नघरी चालत नाही. कोणी वाईट बोललं नाही बाप्पा, फक्त बोलावणं बंद झालं. लेकरूबाळ नव्हतं. घरात दोन माणसांचा स्वयंपाक करायची सवय मोडता मोडेना. उरलेलं अन्न गाईले घालायची आणि बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन सारस पाहत बसायची.

शहात्तर साली शेतात पंपासाठी विजेची तार आली. थंडीतल्या एका सकाळी धुक्यात मादी उडाली, ते सरळ तारेत. गावानं तिले पाळीखाली पुरलं, नारळ फोडला. नर तिथंच उभा. जोड्यातला एक ओरडला का दुसरा लगेच जवाब देते. हा मान वर करून ओरडे आणि जवाबासाठी थांबे. माय वं, ते थांबणं ऐकवत नव्हतं. ज्याचं जळते त्याले कळते.

पुढच्याच उन्हाळ्यात माझ्या भासऱ्याच्या, मारोतरावाच्या, मोठ्या पोराचं, ईश्वरचं लग्न निघालं. भासरा म्हणजे मालकाचा मोठा भाऊ. अंगणात बैठक बसली आणि भासऱ्यानं सांगितलं, "नवरीनं एकटा सारस पाहणं म्हणजे अपशकुन. वरात यायच्या आधी त्याले हाकला."

भासऱ्यासमोर बोलायची आमच्यात रीत नाही. मी पदर ओढला आणि जावेकडे, गोदावरीबाईकडे पाहून बोलली, "अवो बाई, नदीपर्यंत दुसरा सारस दिसत नाही, हाच तेवढा उरला. राहू द्या त्याले. पाणी आहे, तर फिरत फिरत एखादी येईलही. माणूस वर्षाच्या आत दुसरी करून आणते, त्याले कोणी अपशकुनी म्हणत नाही. मग पाखरालेच काहून?"

भासराही बायकोकडे पाहूनच बोलला, "तिले सांग, सारस दुसरा जोडा करत नाही. झुरून मरते तो."

"मग मरू द्या ना आपल्या पाण्यापाशी!"

अपशकुन म्हणता म्हणता सारे माझ्याकडेच पाहून राहिले होते.

लग्नाच्या सकाळी डफडे, थाळ्या, डबे घेऊन गाव बोडीवर गेलं. मी वाटेत आडवी उभी राहिली. मले कोणी हात लावला नाही, बाजूनं निघून गेले. सारस पहिले उडालाच नाही. या माणसांनी त्याले कधी भेव दाखवलं नव्हतं, त्याले काय समजणार? मादी पुरली तिथवर तो चालत गेला. थाळ्या अजून जवळ आल्या तेव्हा उडाला, नदीकडे. संध्याकाळी नवरा-नवरी रिकाम्या पाण्याच्या पाया पडले. ते चाललं!

पंधरवडाही झाला नसेल, एक तरणी मादी आली. बोडीत उतरली, ओरडली आणि थांबली. दोन-तीन दिवस तेच चाललं. मग तीही गेली. वरातीमागून घोडं म्हणतात, पण घोडं चुकलं नव्हतं, वरातच घाईत होती. मी पाळीवर उभी राहून गावाले मोठमोठ्यानं शिव्या दिल्या आणि घरी येऊन खूप रडली.

त्यानंतर मी आपल्याच भिंतीवर सारस काढला. मातीची भिंत, पावसानं धुऊन जाते. दरसाल दिवाळीत पुन्हा काढते. पण पाहून काढायले पाखरू कुठं आहे? गुडघा कुठं मोडते, लाल रंग मानेवर कुठवर उतरते, विसरून राहिली मी. यंदाचा सारस गेल्या सालच्या चित्रावरून काढला, तो त्याच्या आधीच्यावरून. असाच हळूहळू त्याचा बगळा होऊन जाईल, हे भेव आहे मले. आणि भिंतीवरचं पाखरू अंडं देत नाही.

पंच्याऐंशी साली ईश्वरच्या लहान भावाचं, घनश्यामचं लग्न झालं. बोडीवर सारस नाही हे तेव्हा गावाले आठवलं. आदल्या दिवशी गोदावरीबाई आली. "चंद्रभागा, तुझ्या भिंतीवर दुसराही काढून दे. जोडा होईल."

"नसलेला कसा काढू?" मी म्हटलं.

तरी दुसऱ्या दिवशी वरात माझ्याच दारात आली. कामापुरता मामा! मी भिंतीपाशी उभी होती. भासरा आता काठी टेकत चाले. तो बायकोले म्हणाला, "एकटा तर एकटा, सारस तर आहे. चंद्रभागाले म्हण, जरा आत जा. नवरी येऊन राहिली."

मी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहून बोलली. "भाऊजी, त्याले हाकललं, तो गेला. मी नाही जात. जोडा पाहिजे ना तुम्हाले? हा आहे, मी आहे. पडा म्हणा पाया."

डफडं थांबलं. नवरी साकोलीकडची, चंद्रकांता. तिले यातलं काहीच माहीत नव्हतं. ती वाकली, भिंतीच्या पाया पडली, मग माझ्या. उठून चित्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "काकू, किती सुंदर आहे हे पाखरू! कुठं पाहायले भेटते?"

साऱ्या गोष्टीचं उत्तर माझ्या जिभेवर असते. मी भासऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"इथंच, बाई," मी म्हटलं. "एवढंच."