इंदुरीच्या फळ्यावरचे सण

मित्रांनो, मावळचा खरा इतिहास किल्ल्यांच्या दगडांवर नाही, माझ्या अंगावर लिहिला गेला आहे. फक्त तो रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसला जातो, एवढीच काय ती अडचण.

मी एक जुना लाकडी फळा आहे. तळेगाव दाभाड्याच्या एका सुताराने मला घडवले. उमेदीची वर्षे मी शाळेत काढली. लसावि आणि मसावि मला तोंडपाठ होते. समोर बसणाऱ्यांना नव्हते, पण त्याचा राग ते माझ्यावर खडू फेकून काढत. पुढे शाळेत पांढरे गुळगुळीत फळे आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे कोळ्यांनी तेवढी माझी आस्थेने चौकशी केली.

तिथून मला सोडवले ते इंदुरीच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल शालनताई ओव्हाळ यांनी. टेम्पोत घालून त्यांनी मला गावात आणले, दाराबाहेरच्या एका लांब खिळ्याला दोरीने अडकवले आणि माझ्यावर लिहिले, ‘शांतता राखा’. वाचनालयात चिटपाखरू नव्हते. एवढी आज्ञाधारक शांतता मी शाळेतसुद्धा पाहिली नव्हती.

नाही म्हणायला सरुबाई यायच्या. पुस्तक बदलून नेत आणि रोज रात्री नवऱ्याला वाचून दाखवत. नवरा म्हणजे दत्तोबा. तो पायरीवर बसून बायकोची वाट पाहत डुलक्या काढी. गेल्या वर्षी सरुबाई वारल्या. वाचनालयाचे एक पुस्तक त्यांच्या घरीच राहिले आणि दत्तोबाने पायरी सोडली. डेअरीला दूध घालायला तो रोज समोरून जाई. पण मान खाली घालून, जणू आत त्याच्या नावाचे वॉरंट पडले आहे.

पुस्तक मागायला जाणे शालनताईंच्या जिवावर आले. पुस्तकाचे राहू दे, माणूस आत आला पाहिजे, असे त्यांनी मनाशी घेतले. एका सकाळी त्यांनी मला स्वच्छ पुसले आणि ठळक अक्षरांत लिहिले, ‘आज सदऱ्याचे बटण तुटलेल्यांचा दिवस. सर्वांचे स्वागत.’

दत्तोबा थबकला. त्याने वाचले. हात आपोआप छातीपाशी गेला. बटण नव्हतेच.

“या की आबा आत,” शालनताई दारातून म्हणाल्या. “आज तुमचाच सण आहे.”

“लय शानी हाईस,” दत्तोबा म्हणाला आणि निघून गेला. पण हसत गेला.

मग काय, मित्रांनो! ‘चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणाऱ्यांचा दिवस’ झाला. ‘उसनी वाटी परत करण्याचा दिवस’ झाला. त्या दिवशी वाचनालयाच्या टेबलावर वाट्याच वाट्या जमल्या आणि प्रत्येक बाई दुसरीचीच वाटी घेऊन घरी गेली. माणसे सणाला येत आणि जाताना ओशाळून एखादे पुस्तक नेत. दत्तोबा मात्र रस्त्यावरूनच वाचे. ‘आज एकट्याने चहा न पिण्याचा दिवस’ वाचून म्हणाला, “घरी दोन कप हायती. एक उपडाच असतो.” त्या दिवशी तो हसला नाही.

अशात एक भानगड झाली. ताईंनी लिहिले, ‘आज घाई न करण्याचा दिवस. घाईची सर्व कामे बंद.’ पंचायतीचा शिपाई पप्पू ऑफिस उघडायला निघाला होता. त्याने ते वाचले, किल्ली खिशात घातली आणि बायकोला घेऊन लोणावळ्याला फिरायला गेला. नेमके तालुक्याचे साहेब तपासणीला आले आणि कुलूप पाहून परतले.

“फळ्यावर लिवलंतं की, म्याडम!” पप्पू सरपंचबाईंना सांगत होता. “मला वाटलं, सरकारी हाय.”

त्याचेही फार चुकले नाही. आपल्याकडे रोज कसला ना कसला दिन असतो. कोणत्या दिवशी कुलूप लावायचे आणि कोणत्या दिवशी नुसता हार घालायचा, हे शिपायाने कसे ओळखावे?

सरपंच राजेश्वरीताई तरातरा आल्या. “शालनताई, गंमत पुरे. सण काढायला सरकार आहे ना?”

शालनताईंनी मला पुसले. माझ्यावर पुन्हा आले, ‘शांतता राखा’.

दुसऱ्या सकाळी दत्तोबा समोर उभा राहिला. एकदा वाचले. पुन्हा वाचले. मग चपला काढल्या, हातातली दुधाची किटली माझ्याच खिळ्याला अडकवली आणि आत गेला.

“काय झालं गं? कोण गेलं का?”

“सण बंद झाले, आबा.”

“बंद? मंग म्या रोज हिकडून कशापायी येतो? डेरी वरल्या वाटंनं जवळ हाय!”

दत्तोबाने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेले पुस्तक काढले. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता.

“सरूनं हितपातुर वाचलंतं. पोरगी होडीत बसलीया, नदीला पूर हाय, होडी मधोमध. आन् सरू गेली. मला बारीक अक्षर दिसत न्हाई, तुझ्या फळ्यावरचं तेवढं दिसतं. फुडं काय झालं, कुणाला इचारू? आन् परत दिलं, तर संपलंच की सगळं.”

शालनताईंनी पुस्तक हातात घेतले, पण कपाटात ठेवले नाही. बाहेर येऊन त्यांनी मला पुसले आणि लिहिले, ‘आज पुढे काय झाले ते वाचून दाखवण्याचा दिवस.’ मग दुमडलेले पान उघडून त्या वाचू लागल्या.

सरपंचबाईंनी पप्पूला फळा पाहायला धाडले. तो परतलाच नाही. मग त्या स्वतः आल्या. दारात उभ्या राहून थोडा वेळ ऐकले आणि हळूच विचारले, “होडी लागली का काठाला?”

“थांबा वो,” दत्तोबा म्हणाला. “सरू बी मधी बोलू देत न्हवती.”

आता सण पुन्हा चालू आहेत. फक्त प्रत्येकाखाली बारीक अक्षरात एक ओळ असते, ‘पंचायतीस सुट्टी नाही’. होडी कधीच काठाला लागली. दत्तोबा आता दुसऱ्या पुस्तकात आहे, आणि रोज येतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या गावातले वाचनालय जपा. एखाद्याच्या घरी पुस्तक अडकले असेल, तर आधी त्या माणसाची चौकशी करा. माझ्यासारख्या जुन्या फळ्यांना जिन्याखाली टाकू नका. आणि येता-जाता कुणीतरी दत्तोबाला तेवढे सांगा, की किटली दुसऱ्या खिळ्याला अडकवत जा. दूध अंगावर ओघळते, आणि मुंग्या येतात.