तेत्स्केचं मत

तेत्स्केला आम्हीच निवडून दिलं होतं. सखल कुरणांवरच्या आम्हा अकरा शेतकऱ्यांची चर आणि पंप सांभाळणाऱ्या पाणी मंडळात एकच जागा, आणि तिच्याकडून अपेक्षाही एकच: चरांमधलं पाणी खाली ठेवायचं. म्हणजे कुरण कोरडं राहतं, ट्रॅक्टर रुतत नाही, गाई एप्रिलमध्येच बाहेर काढता येतात.

पण आमची काळी माती म्हणजे पाण्याखाली साचलेलं जुनं शेवाळ आणि बोरू. कोरडी पडली की सडते आणि बसते. जमीन बसली की पंप पाणी आणखी खाली नेतात, की ती पुन्हा बसते. तेत्स्केचं घर खोल रोवलेल्या खांबांवर उभं, ते जागच्या जागी राहिलं. सासूच्या काळी तिच्या मागच्या दाराला नुसता उंबरा होता, आता तीन पायऱ्या उतराव्या लागत.

मार्चच्या सभेत पाणी वर आणायचा ठराव आला. दहा-दहा मतं पडली. उरलं तिचं. तिनं ठरावाच्या बाजूनं हात वर केला.

बाहेर आल्यावर वीब्रेननं तिला गाठलं. तो तिचा बांधालगतचा शेजारी.

"डोकं फिरलंय का तुझं? कशाला पाठवलं होतं तुला?"

"माझंही कुरण बुडणारच आहे, वीब्रेन."

"मग बुड ना एकटी! आम्हाला कशाला ओढतेस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी सायकलचं कुलूप काढत होतो. बराच वेळ काढत होतो.

शरदात ठरावाप्रमाणे चरांमधलं पाणी चढलं. नोव्हेंबरात तिचा बासष्टावा वाढदिवस आला. आमच्याकडे वाढदिवसाला बोलावणं लागत नाही, शेजारी जातातच. दुपारी तिच्या खिडकीवरून गेलो, तर खुर्च्या गोल मांडलेल्या, मधल्या टेबलावर बडीशेपेचा केक. ती एका खुर्चीत बसली होती, चांगला झगा घालून; बाकीच्या रिकाम्या. मी पेडल मारत पुढे गेलो.

पुढच्या एप्रिलात जमिनीनं गाई पेलल्या नाहीत, पाय घोट्यापर्यंत रुतत होते. तिनं चौतीसच्या चौतीस विकल्या. आमच्यापैकी काहींनी निम्म्या ठेवल्या आणि गवत कापून गोठ्यात घातलं.

आमच्याकडे उन्हाळ्यातही पाऊस असतो, पण त्या उन्हाळ्यात थेंब पडला नाही. मंडळानं तिच्या कुरणात जमिनीची पातळी मोजायची दांडी रोवली होती, आणि नोंद घ्यायचं काम तिच्याकडेच होतं. ऑक्टोबरात एका सकाळी ती माझ्या दारात उभी.

"जमीन बसली नाही रे. एवढ्या कोरड्या वर्षातसुद्धा केसभर बसली नाही."

"बरं झालं," मी म्हणालो. "वीब्रेनला सांगितलंस?"

"दार उघडलं नाही त्यानं."

"आत ये ना, तेत्स्के."

तिनं माझ्यामागे स्वैपाकघरात पाहिलं. माझी बायको पाठमोरी होती, तशीच राहिली.

"नको. बूट चिखलाचे आहेत," ती म्हणाली, आणि फाटक हळूच लावून गेली.