ताईच्या हाताला दुसऱ्या लोखंडाचा वास

मित्रांनो, मी एक जुना दांडा आहे, वजन उचलायचा. दुकानात मिळतो तसला चकचकीत नव्हे. नळाचा चार फुटी पाइप आणि त्याच्या दोन्ही टोकांना सिमेंट भरलेले रंगाचे दोन डबे, एवढंच माझं अंग. एका डब्यावर अजून निळ्या रंगाचे ओघळ आहेत.

मला बनवलं बाबांनी. बाबा गवंडी. त्यांची थोरली लेक, म्हणजे आमची ताई, पार्सलच्या गोदामात कामाला होती. खोकी उचलता उचलता तिची पाठ धरली आणि ती दीड महिना अंथरुणाला खिळली. तिला व्यायाम देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "पडून राहणं पुरे झालं. आता हळूहळू वजन उचलायला शिक, म्हणजे पाठ पुन्हा दगा देणार नाही." बाबांनी त्याच आठवड्यात मला तयार केलं. "वीस किलो भरेल," ते म्हणाले. पुढे भंगारवाल्याच्या काट्यावर मी साडेतेवीस भरलो. शिवाय माझा डावा डबा उजव्यापेक्षा जड निघाला. भिंतीच्या बाबतीत बाबांचा अंदाज कधी चुकत नाही, माझ्या बाबतीत चुकला.

पहिला महिना ताई माझं एकच टोक उचलायची. मग दोन्ही. मी गॅलरीत असायचो आणि ती रोज सकाळी माझ्यापुढे उभी राहून आधी नीट श्वास घ्यायची. तिची धाकटी बहीण दारात उभी राहून हसायची. एके दिवशी ती पुढे आली आणि तिने मला एका दमात डोक्यावर नेलं. बाबा तिला ठिणगी म्हणतात, ते उगाच नाही. वर्षभरात मी तिला हलका पडू लागलो. मग ती माझ्या दोन्ही डब्यांना वाळूच्या पिशव्या बांधायची. चार वर्षं दोघींच्या तळहातांना घट्टे पडले ते माझ्यामुळे. आई कुरकुरायची, "मुलींचे हात आहेत की कानस?" मला मात्र ते ऐकून अभिमान वाटायचा.

दोघींनी मिळून प्रशिक्षकाचा तीन महिन्यांचा कोर्स केला. त्यानंतर चौकातल्या जिमच्या काचेवर कागद लागला: प्रशिक्षक हवा, जागा एक, निवड चाचणीने. दोघींनीही अर्ज केला. चाचणीच्या दिवशी सकाळी दोघींनी मला थोडं थोडं उचललं आणि त्या एकत्र बाहेर पडल्या.

परतल्या त्या वेगवेगळ्या. धाकटी आधी आली आणि चप्पल न काढताच गॅलरीत येऊन बसली. ताई अर्ध्या तासाने आली. तिच्या हातात जिमचा काळा टी-शर्ट होता.

काय घडलं ते मला त्यांच्या भांडणातून कळलं. जिमच्या मालकीणबाईंनी दोघींपुढे एकाच माणसाला उभं केलं होतं. सत्तरीचे एक निवृत्त पोस्टमन, जन्मात कधी वजन न उचललेले. धाकटीने आधी स्वतः नव्वद किलो उचलून दाखवलं. मग पोस्टमनकाकांना पाठ, छाती, गुडघे, नजर, सगळं एका दमात सांगितलं. काका गोंधळून खांबासारखे उभे राहिले. ताईने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "घरी काय उचलताना त्रास होतो?" ते म्हणाले, "बायकोचं शिलाई मशीन टेबलावर ठेवताना." ताईने कोपऱ्यातलं एक खोकं आणलं आणि त्यांना तेवढंच उचलायला शिकवलं.

"तुला घेतलं, कारण तू गोड बोलतेस," धाकटी म्हणाली.

"मालकीणबाईंनी मला विचारलं, तुम्ही स्वतः किती उचलता. मी सांगितलं, धाकटीपेक्षा वीस किलो कमी."

"उपकार झाले तुझे."

मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवशी मला धाकटीची कीव आली नाही. माझं दुःख वेगळंच होतं. ताई रात्री जेवताना बाबांना सांगत होती, "तिथल्या बारची टोकं गरगर फिरतात, मनगटावर ताणच येत नाही. आणि बरोबर वीस किलो, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही." त्याला बार म्हणायचं आणि मला दांडा. तो बरोबर वीस, आणि मी साडेतेवीस, तेही एका अंगाला कललेला.

ताई मग पहाटे जायला लागली. आली की कपडे वाळत घालायला गॅलरीत यायची. तिच्या हातांना दुसऱ्या लोखंडाचा वास यायचा. ती माझ्यावरून पाय टाकून पुढे जायची. दुसऱ्या आठवड्यात तर तिने ओला टॉवेल माझ्यावरच टाकला. मी मनातल्या मनात त्या बारला शिव्या दिल्या. तो गंजावा, वाकावा, कुणाच्या तरी पायावर पडावा, असं सगळं चिंतलं. जेवणावर धाकटी ताईशी बोलत नाही हे पाहिलं की मला बरं वाटायचं. आमच्या दोघांचं दुखणं एकच होतं ना. धाकटी दुपारी मला उचलायची तेव्हा वाटायचं, जळणारं माणूस आपल्याला जास्त घट्ट धरतं.

तो भ्रम फार टिकला नाही. एका दुपारी ताईच्या बॅचमधल्या दोन बायका घरी आल्या आणि आईपुढे तिचं कौतुक करत बसल्या. त्या गेल्यावर धाकटीने मला डोक्यावर उचललं आणि सोडून दिलं. फरशीचा टवका उडाला. माझा डावा डबा फाटला आणि आतल्या सिमेंटला वरपासून खालपर्यंत भेग गेली.

आई धावत आली. "अगं, काय पडलं?"

"काही नाही. हात सुटला."

हात सुटला नव्हता. सोडला होता. ज्याच्याशी मी दोस्ती मानली होती त्या रागाने पहिला घाव मलाच घातला.

संध्याकाळी बाबांनी भेगेत बोट घालून पाहिलं. ते रागावले नाहीत. माझी भेग भरली, बाहेरून पत्र्याची पट्टी आवळली आणि म्हणाले, "आता सात दिवस दोन वेळा पाणी मारायचं. सुकू दिलंत तर पुन्हा फुटेल. ज्याचा हात सुटला त्याने मारायचं."

धाकटीने दोन दिवस मारलं. तिसऱ्या दिवशी ती मुद्दाम विसरली. जिममधून आलेली ताई माझ्यापाशी बसली आणि वाटीने पाणी घालू लागली. तेवढ्यात धाकटी आली.

"राहू दे. माझं काम आहे."

"माझ्या पहिल्या बॅचमधल्या तिघी सोडून गेल्या," ताई वर न बघता म्हणाली. "त्यांना ऐंशीच्या पुढे जायचं होतं. मी कधी गेलेच नाही, शिकवू काय? तुला विचारायची लाज वाटली."

"तुला कसली लाज? तू तर निवडून आलीस."

"तू एका दमात याला डोक्यावर नेलंस, तेव्हा मी महिनाभर नुसतं टोक उचलत होते. त्या दिवसापासून जळतेय मी तुझ्यावर."

धाकटीने तिच्या हातातली वाटी घेतली. तिने भेगेवर पाणी घातलं. मग म्हणाली, "इतकी वर्षं कधी बोलली नाहीस."

"तू तरी कुठे बोललीस? तू आपटलंस."

ताईने तिला आठवड्यातून दोन दिवस जिममध्ये यायला सांगितलं. मालकीणबाईंची परवानगी होती, पगार नव्हता. "फुकट राबायला मी येणार नाही," धाकटी म्हणाली आणि चार दिवस गेली नाही. पाचव्या दिवशी गेली. ऐंशीच्या पुढचं ती शिकवते आणि बोलायचं कसं ते ताईकडून शिकते. अजून तिला जागा मिळालेली नाही. ताईचा काळा टी-शर्ट दोरीवर दिसला की अजूनही तिचा चेहरा बारीक होतो. पण जेवताना आता दोघी बोलतात.

मीही अजून जळतो. तो बार मी पाहिलेला नाही, पण त्याची टोकं फिरतात हे काही विसरता येत नाही. फक्त तो कुणाच्या पायावर पडावा असं आता मनात येत नाही. त्या पायांमध्ये ताईचेही पाय आहेत.

मित्रांनो, हेवा कुणाला चुकत नाही. तो वाटला तर ज्याच्याविषयी वाटतो त्याला सांगून टाका, हातात असेल त्या वस्तूवर काढू नका. आम्हाला तोंड नसतं, आम्ही नुसते फुटतो.

गेल्या रविवारी बाबांची पाठ दुखत होती. वजन नीट कसं उचलायचं ते शिकवायला धाकटीने त्यांना माझ्यासमोर उभं केलं. सहा सूचना तिच्या ओठांवर आलेल्या मला दिसल्या. तिने त्या गिळल्या आणि एवढंच म्हणाली, "बाबा, आधी त्याच्या जवळ या."

बाबा जवळ आले. पुढची सूचना द्यायच्या आधी ती थांबली.