चिंचबर्डीचा रुमाल

मी एक जुना रुमाल आहे. हसू नका मित्रांनो, नाक पुसायचा नव्हे! कचेरीत कागदांचे गठ्ठे बांधतात ना, तो लाल खारव्याचा, दोन हात चौरस, जाडाभरडा रुमाल. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कचेरीत माझं आयुष्य गेलं. कोणती कचेरी ते सांगणार नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि मला कुणाची अब्रू काढायची नाही.

एका शिंप्यानं माझ्या कडा दुमडून शिवल्या आणि भगवंतराव कारकुनांनी माझ्यात चिंचबर्डी गावचे जुने कागद बांधले. भावाभावांच्या वाटण्या, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, बांधांचे निवाडे. सगळं मोडी लिपीत, हात न उचलता लिहिलेलं. माझ्या गाठीत त्यांनी जाड कागदाची चिठ्ठी अडकवली. तिच्यावर गावाचं नाव, तेही मोडीतच. कुणी गावाचं नाव घ्यायचा अवकाश, कपातला चहा निवायच्या आत भगवंतराव गठ्ठा टेबलावर आणून ठेवायचे. साहेब लोक त्यांची तारीफ करायचे. मीही फुगायचो, खोटं कशाला बोलू?

मग महाराष्ट्र राज्य झालं. पुढच्याच साली कचेरी नव्या इमारतीत हलली आणि वरून हुकूम आला, की सगळ्या गठ्ठ्यांवरची नावं बाळबोधीत लिहा. बाळबोध म्हणजे तुम्ही शाळेत गिरवता ती अक्षरं. नेमके त्याच महिन्यात भगवंतराव रिटायर होऊन आपल्या गावी, सुलतानपूरला निघाले. जाताना नव्या कारकुनाला, वामनरावांना म्हणाले, "मोडी येते ना तुम्हाले? अडलं तं एक कार्ड टाका. मी येतो."

"येते थोडीफार," वामनराव म्हणाले.

कप्पाळ येत होती! एक अक्षर येत नव्हतं. माणूस वाईट नव्हता बरं का. पण नवी नोकरी, डोक्यावर साहेब, शेजारच्या टेबलावर खुसुखुसू हसणारे सोबती. नाही येत म्हणायची त्यांना लाज वाटली. मग मोडीतलं जे अक्षर ज्या बाळबोध अक्षरासारखं दिसलं, ते त्यांनी नव्या चिठ्ठीवर उतरवलं. तीनशे चिठ्ठ्या चार दिवसांत! चिंचबर्डीचं झालं 'विवळदी'. या नावाचं गाव अख्ख्या वऱ्हाडात नाही. माझा शेजारी झाला 'तठमेर', त्याच्या पलीकडचा 'लपघोण'. जुन्या चिठ्ठ्या बंबात गेल्या. माझ्या पोटातला एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता, आत सगळं धडधाकट होतं. पण मला हाक मारायला आता नाव नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात मनकर्णाबाई आली. ती चिंचबर्डीची, वांगी-मिरची लावणारी माळ्याची बाई. तिचा नवरा अर्जुनराव वर्षाखाली वारला होता. दोघा भावांची विहीर सामायिक. धाकट्या दिरानं, कारभारी त्याचं नाव, तिची मोट बंद केली. तुझ्या नवऱ्याची पाळी कधी नव्हतीच, मी दया म्हणून पाणी देत होतो, म्हणे. भांडण साहेबांपुढे गेलं होतं.

"खोटं बोलते तो," बाई वामनरावांना म्हणाली. "माह्या सासऱ्यानं दोघा भावायले दिवस वाटून देल्ले. त्याचा कागद झाला हाय, अन् तो इथंच हाय. पंधरा तारखेच्या आत साहेबाच्या म्होरं ठेवला नाही तं पाणी गेलं. वांगे फुलावर हायेत हो माहे!"

वामनरावांनी शोधलं. खरंच शोधलं, घामाघूम होऊन. मला खाली काढलं, चिठ्ठीवर 'विवळदी' वाचलं आणि फरशीवर ठेवून दिलं. बाई तीन वेळा आली, पाच-पाच कोस चालत. तिसऱ्या वेळी ती मागं सरकली आणि तिचा पाय मला लागला. "अगंबाई!" म्हणून ती खाली वाकली, मला हात लावला आणि तो हात कपाळाला टेकवला. कागदाला पाय लागला की आपण करतो ना, तसंच. मित्रांनो, तिचा कागद वरून चौथा होता! तिच्या बोटांच्या खाली, फक्त चौथा! मी ओरडलो, खारव्याला जितकं ओरडता येतं तितकं. कोण ऐकणार?

त्याच दुपारी वामनरावांनी लिहून दिलं, 'सदर गावचे कागद उपलब्ध नाहीत.' साहेबांनी ते वाचलं आणि निकाल दिला. पाणी कारभारीचं झालं.

तेव्हापासून वामनरावांना चैन पडेना. दिवसातून दोनदा येऊन ते आमच्या मांडणीसमोर नुसते उभे राहायचे. अखेर दिवाळी झाल्यावर त्यांनी सुलतानपूरची मोटार धरली आणि भगवंतरावांना घेऊन आले. म्हाताऱ्यानं चार-पाच चिठ्ठ्या वाचल्या आणि डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली.

"काऊन हो वामनराव? एक कार्ड टाकलं असतं तं मी आलो नसतो काय?"

वामनरावांनी पहिला गठ्ठा उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

अकरा दिवस दोघं खपले. भगवंतराव चिठ्ठीकडे बघायचेच नाहीत. गाठ सोडायची, आतले दोन-चार कागद वाचायचे, गावाचं नाव सांगायचं. वामनरावांनी ते लिहायचं आणि मोठ्यानं वाचून दाखवायचं. पाचव्या दिवशी माझी गाठ सुटली. चौथ्या कागदाशी म्हातारा थांबला. "चार दिवस अर्जुन, तीन दिवस कारभारी," त्यांनी सावकाश वाचलं.

निरोप गेला आणि बाई आली. दुसऱ्याच्या वावरातल्या कामावरून तशीच आली होती. मळा वाळून गेला होता आणि वाळलेला मळा कारभारीनंच विकत घेतला होता. अपिलाची मुदतही टळली होती. भगवंतरावांनी हे सगळं तिला सांगितलं. काही लपवलं नाही.

"ह्यात माह्या मालकाचं नाव कुठं हाय?" तिनं विचारलं. त्यांनी बोट ठेवून दाखवलं. तिनं त्याच जागी आपलं बोट ठेवलं.

"म्हंजे मी खोटी नोती," ती म्हणाली.

"बाई, चूक माझी आहे," वामनराव म्हणाले. "मला ती अक्षरं वाचता येत नव्हती."

बाई म्हणाली, "मंग तवाच सांगायचं होतं ना साहेब! आमच्या गावात मोडी वाचणारे दोन म्हातारे हायेत. मी कडेवर घेऊन आली असती त्यायले."

मग तिनं कागद घडी करून परत दिला. बांधून ठेवा म्हणाली, आणि पुन्हा पाच कोस चालत गेली.

आता मी विरलो आहे. माझ्या एका कोपऱ्याला कसर लागली आहे. गाठीत 'चिंचबर्डी' हे नाव ठसठशीत आहे, पण विचारायला कुणी येत नाही. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कुणाकुणाचे कागद तुमच्या हाती येतील, जुन्या जागेवरून नव्या जागी, जुन्या अक्षरांतून नव्या अक्षरांत न्यायला. एखादं नाव वाचता आलं नाही तर अंदाजानं लिहू नका रे. गाठ सोडून आत बघा. तेही जमलं नाही तर सरळ म्हणा, मला येत नाही. चार माणसं हसतील, हसू द्या.

तिची वांगी फुलावर होती.