एल्डनच्या कामासाठी प्रार्थना

युद्धाच्या दिवसांत लॉस अलामॉसच्या डोंगरमाथ्यावरच्या गुप्त वसाहतीत नवऱ्याला कामाबद्दल विचारायचं नाही, असा नियमच होता. माझा एल्डन नौदलातला अधिकारी, तोफांचा जाणकार, आणि समुद्र तिथून शेकडो मैल लांब. तरी मी कधी विचारलं नाही. रोज जेवणाआधी मान लववून एवढंच म्हणायची, "प्रभू, याच्या कामाला यश दे." एक दिवसही खंड पडू दिला नाही.

ऑगस्टमध्ये रेडिओवर हिरोशिमाची बातमी आली, तेव्हा मी कसलं यश मागत होते ते मला कळलं.

उन्हाळ्यात पॅसिफिकमधल्या तळावर गेलेला एल्डन ऑक्टोबरात घरी आला. चेहरा पार उतरलेला. बूटही न काढता तो टेबलाशी बसला. मी मक्याचा पाव नि उकडलेल्या घेवड्याचे दाणे वाढले आणि हात न जोडताच जेवायला बसले.

"काय गं, आज प्रार्थना नाही? देव रजेवर गेला की काय?"

"तुझं काम संपलं ना आता?"

"संपतंय कुठलं! या बॉम्बपुढे जहाजं टिकतात का, ते बघायचंय. उद्यापासून तेच. म्हण ना, तुझ्या प्रार्थनेवाचून घास उतरत नाही माझा."

"झोप लागते का रे तुला?"

"नाही."

मी हात जोडले. "प्रभू, याला झोप दे. आमेन."

"आणि कामाचं?"

"ते आता तू माग, एल्डन."

त्यानं हात जोडले, डोळे मिटले. दाणे निवून गेले, तरी त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.