टेकडीखालचा रांजण

"म्हणजे तुमच्या टेकडीखाली तोफ पुरलीय, असंच ना आत्याबाई?"

तोंडभर साबणाचा फेस असताना बोलू नये, एवढी साधी गोष्ट त्या ट्रकवाल्याला कळत नव्हती. सगळे त्याला भोंगा म्हणत ते उगाच नव्हे.

"तोफ नव्हे, रांजण," सलूनच्या कोपऱ्यातून आत्या म्हणाली. "धातूचा. गाव वसायच्या कितीतरी आधी वरून कोणी आले, ते पुरून गेले. आकाशातून धोंडा यायला लागला की झाकण उघडतं, आतून आगीचा गोळा सुटतो आणि धोंड्याचा वरच्या वर भुगा होतो."

"हलू नकोस, कान जाईल," सलूनवाला भोंग्याला म्हणाला. "आणि तू त्याला चावी देऊ नकोस, आत्या."

आईमागे आत्यानंच सलूनवाल्याला वाढवलं होतं. लहानपणी ती अचानक ओरडायची, "झाकण उघडलं!" की त्यानं खिडकीपासून लांब पळायचं, पाठ फिरवायची, कान झाकायचे. मग ती ट्रंकेचं झाकण धाडकन आपटायची. झाकण मिटलं! उजेड आणि आवाज यांच्या मधल्या वेळात खिडकीशी थांबायचं नाही, हा त्या खेळाचा एकच नियम. पुढे शाळेत त्याची इतकी टर उडाली, की स्वतःची मुलगी झाल्यावर त्यानं आत्याला बजावलं, हे खूळ पोरीच्या डोक्यात घालायचं नाही. आत्यानं शब्द पाळला होता.

भोंग्याचा एक गाल झाला आणि आरसा पांढराफटक पडला. फळीवरच्या बाटल्यांच्या सावल्या भिंतीवरून सरासरा सरकत गेल्या. दुसरा सूर्य उगवून मावळावा, तसं काहीतरी बाहेर होऊन गेलं. आवाज मात्र अजिबात नाही.

"अरे, बघा तरी!" भोंगा गळ्यातलं कापड सावरत खिडकीकडे झेपावला.

सलूनवाल्यानं त्याला कॉलरला धरून मागे ओढलं. "झाकण उघडलं! पाठ फिरव!"

शब्द तोंडून गेले आणि मग ते कोणाचे हे त्याला कळलं. आत्या केव्हाच भिंतीकडे तोंड करून, कानांत बोटं घालून उभी होती. भोंगा हसत सुटला.

सलूनवाल्याला मात्र समोरचं दिसलं होतं. रस्त्यापलीकडच्या नाचाच्या वर्गाला जमिनीपासून छतापर्यंत काचेची भिंत होती, आणि सगळ्या मुली तिला नाकं लावून आकाशातली धुराची रेघ बघत होत्या. सर्वांत पुढे त्याची भिंगरी.

तो धावला. आडव्या आलेल्या सायकलवाल्याची शिवी अर्धी ऐकत रस्ता ओलांडला आणि दार ढकलून आत घुसला.

"काच सोडा! मागे व्हा!"

"कोण तुम्ही? वर्ग चालू आहे!" नाचाच्या बाई कडाडल्या.

"झाकण उघडलंय!"

मुली खिदळल्या. भिंगरीचा चेहरा लालबुंद झाला. "बाबा, इथे नको ना!"

समजावायला वेळ नव्हता आणि समजावणार तरी काय? स्वतःलाच न पटलेली गोष्ट? त्यानं मागे जा म्हणून हात उंचावला. बाईंचं लक्ष त्या हाताकडे गेलं.

हातात उघडा वस्तरा होता.

बाईंनी अशी किंकाळी फोडली की सगळा थवा एकदम उधळला. एकमेकींना ढकलत मुली मागच्या कपड्यांच्या खोलीत शिरल्या, पाठोपाठ बाई, आणि दार धाडकन बंद झालं.

काचेपाशी एकच मुलगी उरली. बापाला घाबरायचं कारण तिला कधी पडलंच नव्हतं.

"तुम्हाला काय झालंय? सगळ्या पळाल्या ना तुमच्यामुळे!"

वस्तरा भिरकावून त्यानं तिला कमरेला धरलं, दोन ढांगांत खांबाआड नेलं, जमिनीवर पाडलं आणि वर आपलं अंग टाकलं. भिंगरी गुद्दे मारत होती. मारू दे, फक्त उठू नको, एवढंच त्याच्या मनात.

मग झाकण मिटलं.

आवाज आधी छातीत बसला, कानांत नंतर. अख्खी भिंत आत आली. खांबाच्या दोन्ही बाजूंनी काच पाण्यासारखी वाहत गेली आणि मागच्या दारावर गारांसारखी तडतडली.

धूळ बसली तेव्हा मुली बघत होत्या तिथे भिंतच नव्हती. भिंगरीनं गुद्दे थांबवले होते. तिनं बापाचा सदरा घट्ट धरला होता.

"गेले का ते?" दाराआडून बाईंनी विचारलं.

"नाही, इथेच आहे. दार उघडू नका, पोरी अनवाणी आहेत!"

एका गालावर फेस वाळलेला भोंगा धावत आला. आता तो हसत नव्हता. दोघांनी मुलींना एकेक करून उचलून बाहेर न्यायला सुरुवात केली. बुटांखाली काच करकरत होती, आकाशात रेघ अजून होती, आणि सगळ्या एकदम बोलत होत्या.

"बाबा, झाकण म्हणजे काय?" पाठीवरून भिंगरीनं विचारलं.

"टेकडीखाली एक रांजण आहे," तो म्हणाला, आणि थांबला नाही.

पुढच्या मुलीला तेच पहिल्यापासून हवं होतं. तिच्या पुढचीलाही. चौथ्या खेपेला त्यानं रांजणाला हत्तीएवढ्या कड्या लावल्या, तशी रस्त्यापलीकडून आत्या ओरडली, "कड्या नाहीत रे त्याला! येत नसेल तर सांगू नकोस, मी येते!"